धातूचा हिशेब आणि गोठ्यातली वही

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आम्ही ठाणे जिल्ह्यातून आलो आहोत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मुंबईच्या लोकलगाडीवरची एकामागून एक येणारी तीन स्टेशने. आमच्याकडे पाऊस तुमच्या तिप्पट-चौपट पडतो, आमचे पीक भाताचे. तुमचे कापूस आणि ज्वारी. तेव्हा हे भातवाले इथे काय सांगायला आले, असे तुमच्या मनात येणे साहजिक आहे. कापसाच्या भावावर बोलणारी जाणती मंडळी या मांडवात बसलेली आहेत. त्या विषयात आम्ही तोंड घालणार नाही. आम्ही बोलणार आहोत लोखंड, तांबे, जस्त, शिसे आणि पारा यांच्याबद्दल.

हा विषय घेण्याची कारणे दोन. आमच्या नदीत जे घडले ते तुमच्या नाल्यात घडायला आता फार वेळ लागणार नाही. बुटीबोरी झाली, जालन्याला लोखंडाच्या भट्ट्या झाल्या, कोरडवाहू जिल्ह्यांत औद्योगिक वसाहती वाढताहेत. तरुण पोरांना काम हवे आहे, त्याला आमचा विरोध नाही. दुसरे कारण तुमच्या गोठ्यातच आहे. धातू कमी पडला म्हणून उलटणारी गाय आणि धातू जास्त झाला म्हणून आंधळे झालेले वासरू ही दोन्ही आपल्याच दावणीला असतात. आपण मात्र दोघांनाही नजर लागली म्हणून मोकळे होतो.

नदी आणि तिच्या काठची गावे

उल्हास नदी राजमाचीकडच्या सह्याद्रीतून उतरते. कर्जत, नेरळ, बदलापूर करीत ती कल्याणच्या खाडीला मिळते. बदलापूरपासून कल्याणपर्यंत लाखो लोक तिचे पाणी पितात. बदलापूरजवळचे बारवी धरण तर औद्योगिक विकास महामंडळानेच बांधले. अंबरनाथला वालधुनी नावाची लहान नदी आहे. तिच्या काठावर १०६० सालचे शिलाहारांचे शिवमंदिर उभे आहे. इतक्या जुन्या काळी लोकांनी या काठावर देऊळ बांधले, म्हणजे तेव्हा ते पाणी ओंजळीत घेण्यासारखे असणार. आज त्या पाण्यात कोणी पाय घालीत नाही.

उल्हासनगर तर फाळणीतून जन्मले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना ठेवले, आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. नाव नदीवरून पडले. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांनी लहान लहान धंदे काढले आणि पुढे जीन्सच्या विजारींसाठी हे गाव देशभर ओळखले जाऊ लागले. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुमच्याही कानावर आला असेल. ती जीन्स तुमच्या कापसाचीच बनते.

अंबरनाथला संरक्षण खात्याचा आयुध कारखाना आला. तोफा-बंदुकांच्या काडतुसांसाठी लागणारे पितळ आणि ॲल्युमिनियमचे मिश्रधातू ही त्याची खासियत. शेजारीच यंत्रे घडवणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला. उल्हासनगरच्या अंगाला शहाड येथे, आणि पुढे काळू नदीवर मोहने-आंबिवली येथे रेयॉनचे कारखाने उभे राहिले. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातून काढलेला धागा, तुमच्या कापसाचा बाजारातला भाऊबंद.

धातूशिवाय कोणाचेच चालत नाही

कारखान्यांवर दगड मारण्यासाठी आम्ही इथे आलेलो नाही. वखराची पास लोहाराने पाणी देऊन टणक केली नसती तर आपली काळी जमीन फुटली असती का? लोखंडात कर्ब किती, यावर ते ठिसूळ होणार की चिवट होणार हे ठरते. त्यात थोडे मँगनीज घातले की पोलादाला बळकटी येते. ते मँगनीज नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून निघते. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. गोठ्यावरच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, म्हणून तर आपण त्याला जस्ती पत्रा म्हणतो. त्या पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसे असते. पितळी भांड्याला कल्हई करतात ती कथलाची. ती नसेल तर ताक, चिंच अशा आंबट पदार्थांत तांबे उतरते.

आता जस्ताचीच गंमत पाहा. रेयॉनचा धागा ज्या द्रावणात ओढतात त्यात झिंक सल्फेट असते. तेच झिंक सल्फेट तुम्ही पोत्याने आणून कपाशीला आणि ज्वारीला टाकता. तेच थोडेसे जनावराच्या खनिज मिश्रणात असते. आणि जस्ताचा अंश आपल्या मेंदूतही असतो, तो कमी पडला तर मुलाची वाढ खुंटते. वस्तू एकच आहे. कारखान्यात ती टनांनी लागते, शेताला किलोने, गुराला आणि माणसाला जेमतेम चिमटीने. टनांतले जस्त हिशेबाबाहेर नाल्यात गेले तर मासे मरतात. चिमूटभर जस्त मिळाले नाही तर वासराची कातडी खरबरीत होते.

म्हणून धातूबद्दल बोलताना तीन प्रश्न विचारायचे. किती? कोणत्या वाटेने आला? आणि त्याची नोंद कोणाकडे आहे? शिसे, पारा आणि कॅडमियम यांच्याबाबतीत पहिला प्रश्न सोपा आहे. माणसाच्या किंवा जनावराच्या शरीराला त्यांचा काहीच उपयोग नाही, तेव्हा जितके कमी तितके बरे.

पारा कसा निसटला

रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो. कापडाच्या गिरणीला, साबणाला, कागदालाही लागतो. हा सोडा करण्याची जुनी रीत अशी होती. मिठाचे पाणी घ्यायचे, तळाशी पाऱ्याचा थर ठेवायचा, वीज सोडायची. मिठातला सोडियम पाऱ्यात विरघळतो. त्या पाऱ्यात पाणी घातले की सोडा तयार होतो आणि पारा पुन्हा वापरायला मोकळा होतो. कागदावर पारा कधी संपतच नाही. प्रत्यक्षात तो थोडा थोडा निसटतो. काही वाफेने जातो, काही गाळाने जातो, काही धुण्याच्या पाण्यातून जातो. रोज थोडा निसटला आणि असे वर्षानुवर्षे चालले, की नदीच्या चिखलात त्याची पुंजी साठते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळाचा अभ्यास केला, तेव्हा त्यात हा पारा सापडला. गाळाचे थर म्हणजे नदीची खतावणीच. खालचा थर जुना, वरचा नवा. कोणत्या काळात किती पारा आला ते त्यात वाचता येते.

आता शेतकऱ्याच्या जिवाला लागणारी गोष्ट सांगतो. मुंबईच्या विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी आंबिवलीजवळ काळू नदीचे पाणी तपासले. नुसते पाणी तपासून ते थांबले नाहीत. काठचे गवत पाहिले, ते गवत खाणाऱ्या गाई-म्हशींचे दूध पाहिले. पारा, शिसे यांसारखे धातू या साखळीत शिरल्याचे दिसले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १९८२ साली देशाच्या पर्यावरणाचा पहिला नागरी अहवाल काढला, त्यात काळू नदीची ही कहाणी देशापुढे आली.

गवतात धातू कसा येतो? मुळांतून थोडा येतो. पण पुराचा गाळ पानावर बसतो, तो पानाबरोबर पोटात जातो. उन्हाळ्यात गवत आखूड झाले की गुरे गवताबरोबर मातीही खातात. पाण्यातला पारा तेवढा घातक नसतो. चिखलातले सूक्ष्म जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि ते रूप माशाच्या मांसात जाऊन बसते. लहान मासा मोठ्या माशाने खाल्ला, मोठा माणसाने खाल्ला, की दर पायरीला पारा वाढत जातो.

पाऱ्याची ती रीत आता गेली. २००३ साली केंद्र सरकारने मोठ्या प्रदूषक उद्योगांबरोबर सनद केली, आणि कॉस्टिक सोड्याचे कारखाने टप्प्याटप्प्याने पाऱ्याऐवजी पडद्याच्या पद्धतीवर आले. पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ साली मान्य केला. हे चांगले झाले. पण पारा वापरणे थांबले तरी गाळातला पारा जागच्या जागी आहे. तो कुजत नाही, जळत नाही. जलप्रदूषणाचा कायदा तर १९७४ सालचा, प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याआधीचे. वनशक्ती या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास नदी घाण करणाऱ्यांना कोट्यवधींचा दंड ठोठावला तो २०१५ साली. त्याआधी २०१४ च्या नोव्हेंबरात रात्री वालधुनीत रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. कायदा होऊन तोवर ४० वर्षे झाली होती.

भावांनो, यात अर्थशास्त्र आहे आणि ते तुम्हांला चांगले कळते. कापसाचा उत्पादन खर्च काढताना तुमच्या घरच्यांचे कष्ट पुरते धरले जात नाहीत, हे तुमचे गाऱ्हाणे जुने आहे. तिकडे सोड्याचा उत्पादन खर्च काढताना नदी धरली गेली नाही, कोळ्याचे जाळे धरले गेले नाही, गवळ्याची म्हैस धरली गेली नाही. म्हणून माल स्वस्त पडला. तो स्वस्तपणा कोणीतरी भरला. ज्याने भरला त्याला पावतीसुद्धा मिळाली नाही.

डोक्यात काय होते

मेंदूला धातू लागतात. लोह कमी पडले की पोर मलूल होते, शाळेत लक्ष लागत नाही. आपल्या बायाबापड्यांत आणि लेकरांत रक्त कमी असणे ही घरोघरची गोष्ट आहे. गाभण मेंढीला तांबे कमी पडले तर कोकरू जन्मतःच किंवा थोड्याच आठवड्यांत मागच्या पायांत लटपटते, कारण त्याच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची बांधणीच कच्ची राहते. धनगर बांधवांनी अशी कोकरे पाहिली असतील.

उलट बाजूही आहे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे नाकातोंडात गेलेल्या खाण-कामगाराचे चालणे अडखळते, चेहरा लाकडासारखा होतो, हात कापतो. १८३७ साली स्कॉटलंडमधल्या एका डॉक्टराने हे प्रथम लिहून ठेवले. जीन्सला विटका रंग आणण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट फवारतात. तीच आपली लाल पावडर, खुरकुताच्या जखमा धुवायची. पाण्यात चिमूटभर घातली तर औषध. तोंडाला फडके न बांधता दिवसभर फवारा ओढला तर तोच धातू कामगाराच्या शरीरात जातो.

शिशाची कहाणी सर्वांत वाईट. ते लहान मुलाच्या आतड्यातून मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त शोषले जाते आणि शरीरात कॅल्शियमची जागा बळकावते. मूल आजारी दिसत नाही. त्याची समज मात्र कमी होते, ते चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते. मास्तर म्हणतात मठ्ठ आहे, बाप म्हणतो नशीब. शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी पातळीच सापडलेली नाही. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे असल्याचा अंदाज दिला. आपल्या देशात पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले, रंगातल्या शिशावर २०१६ साली नियम आला. जुन्या बॅटऱ्या घरामागे फोडून शिसे वितळवण्याचा चोरटा धंदा अजून चालतो.

ॲल्युमिनियमच्या भांड्याने म्हातारपणी विसरभोळेपणा येतो का, असे बायका आम्हांला विचारतात. त्याचा ठाम पुरावा मिळालेला नाही. त्या भांड्यात आंबट मात्र फार वेळ ठेवू नका. घाबरायचे तर शिशाला घाबरा. कल्हईवाल्याच्या कथलात शिसे मिसळलेले नाही ना, हे विचारा.

पाऱ्याने काय होते ते जपानच्या मिनामाता गावाने जगाला दाखवले. तिथला कारखाना खाडीत मिथिल पारा सोडीत होता. आधी गावची मांजरे वेड्यासारखी नाचू लागली आणि समुद्रात पडून मेली. मग माणसांचे हात कापू लागले, नजर आक्रसली, बोलणे अडखळले. १९५६ साली रोगाची सरकारदरबारी नोंद झाली. कारखान्याच्या पाऱ्याचा दोष सरकारने मान्य केला तो १९६८ साली. बारा वर्षे मधे गेली, आणि तेवढा काळ नळी चालूच होती.

दुसरी कहाणी शेतकऱ्यांची आहे, ती नीट ऐका. १९७१-७२ साली इराकात दुष्काळ पडला. सरकारने परदेशातून गव्हाचे बियाणे आणले. त्याला मिथिल पाऱ्याचे बुरशीनाशक चोळलेले होते, वर लाल-गुलाबी रंग होता. पोत्यावरचा इशारा परक्या भाषेत. लोकांनी रंग धुतला, आणि रंगाबरोबर विष गेले असे समजून गहू दळला. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिला, काही दिवस काहीच झाले नाही. पारा सावकाश चढतो. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतली ४५९ तिथेच दगावली.

आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना ॲग्रोसान, सेरेसान ही नावे आठवतील. ती पाऱ्याचीच औषधे होती. पाऱ्याची बियाणे-औषधे आता देशात बंद आहेत. पण औषध चोळलेले उरलेले बियाणे धुऊन जनावराला किंवा कोंबडीला घालण्याची सवय बंद झालेली नाही. धुतल्याने रंग जातो, विष जातेच असे नाही.

आपला गोठा

आता दावणीकडे वळू. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असले तरी ते पिकाला मिळत नाही. मग कडब्यात येत नाही, मग गाईला मिळत नाही. नुसत्या कडब्यावर पोसलेले जनावर पोट भरून उपाशी असते. खुणा ओळखा. म्हशीचा काळा केस तांबूस पडला, डोळ्याभोवती चष्म्यासारखे कडे उमटले, तर तांब्याची शंका घ्या. कातडी जाड, खपलीदार झाली, खूर बिघडले, जखम भरत नाही, तर जस्त कमी असेल. गाय वेळेवर माजावर येत नाही, वारंवार उलटते, तर इतर कारणांबरोबर मँगनीज आणि तांबेही डॉक्टरांना आठवून द्या. जनावर माती चाटते, हाडूक चघळते, चप्पल खाते, ते स्फुरद आणि क्षार मागत असते.

उपाय महाग नाही. मोठ्या जनावराला खात्रीच्या खनिज मिश्रणाचे रोज ३० ते ५० ग्रॅम पुरतात. पण गाईचे मिश्रण मेंढीला घालू नका. तांब्याचा जो तोल गाय सहज पेलते, तो मेंढीच्या काळजात साठतो आणि एके दिवशी ती अचानक रक्तासारखी लघवी करून मरते. अति तेथे माती, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

तुमच्या दोन पिकांचेही धातूशी नाते आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. रवंथ करणारे मोठे जनावर ते बरेचसे पचवते, लहान वासरू आणि कोंबडी पचवू शकत नाही. कोंबडीखाद्यात सरकीची पेंड वापरताना हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घालतात. त्यातले लोह गॉसिपॉलला बांधून ठेवते. ज्वारीचे उलट. कोवळी, पाण्यावाचून खुंटलेली किंवा खोडव्याची फुटलेली ज्वारी खाऊन बैल तडफडतो, तेव्हा त्या धांड्यातले सायनाइड पेशीतल्या लोहाला जाऊन चिकटते. रक्तात प्राणवायू असतो पण पेशीला तो वापरता येत नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर जनावर वाचते. तालुक्याच्या दवाखान्यात पेरणीनंतर ही औषधे शिल्लक आहेत की नाहीत, हे गावाने जाऊन विचारले पाहिजे.

कारखान्यातला धातू गोठ्यात येण्याच्या वाटाही ओळखा. कुटारात तार किंवा खिळा गेला तर तो गाईच्या जाळीपोटात बसतो आणि पुढे हृदयापर्यंत टोचत जातो. कुट्टीयंत्राच्या तोंडाशी लोहचुंबक लावला तर तार तिथेच अडकते. फुटकी बॅटरी, जुना रंगाचा डबा, इंजिनातले काढलेले तेल गोठ्यापाशी ठेवू नका. वासरे ते चाटतात. मग दात खातात, आंधळी होतात, भिंतीला डोके लावून उभी राहतात. ते शिसे असते. जुनी बॅटरी विक्रेत्यालाच परत द्या. नियमाप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

आणि पोत्यातली वाट. जस्ती पत्र्याच्या कारखान्यातली जस्ताची राख झिंक सल्फेट करण्यासाठी वापरतात. चांगल्या झिंक सल्फेटच्या १०० किलोंत २१ किलो जस्त असते. शिसे आणि कॅडमियम जास्तीत जास्त किती असावे, याची मर्यादा खत नियंत्रण आदेशात दिलेली आहे. भेसळीच्या पोत्यात जस्त कमी आणि हा कचरा जास्त असू शकतो. बिलाशिवाय, स्वस्त मिळते म्हणून ते घेतले, तर आपण पैसे मोजून दुसऱ्याचा कचरा आपल्या रानात पसरतो. कॅडमियम एकदा मातीत गेले की नातवापर्यंत राहते.

वही ठेवा

आमच्या नदीकाठी धातू आधी कुठे दिसला? गवतात, दुधात, माशात. मिनामातात आधी मांजराने सांगितले. जनावर माणसाच्या आधी बोलते, पण ते बोलले ते कोणी लिहून ठेवत नाही. प्रयोगशाळेचा माणूस आला आणि विचारले, की तुमच्याकडे गेल्या पाच वर्षांत किती गाभटल्या, किती आंधळी झाली, कोणत्या नाल्यावर पाणी पीत होती, तर आपण म्हणतो, झाली असतील पाच-सहा. कारखान्याकडे छापील अहवाल असतो. कोर्टात छापील अहवाल जिंकतो.

म्हणून गावोगाव एक वही सुरू करा. शंभर पानी साधी वही. पोळ्याला प्रत्येक गोठ्याची एक नोंद. किती जनावरे, किती व्याली, किती उलटली, किती गाभटली, कोणत्या खुणा दिसल्या, पाणी कोठले, चारा कोठला, खनिज मिश्रण दिले की नाही, कोणते झिंक आणले, बिल आहे का. घरात शाळेत जाणारी पोरगी असेल तिच्या हातात द्या, ती नीट लिहील.

मृद आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबे, मँगनीज यांचे रकाने आहेत. शिसे, पारा, कॅडमियम यांचे रकाने नाहीत. जिथे वसाहत येणार आहे, तिथे ती येण्याआधीच ग्रामसभेने ठराव करून विहिरीचे पाणी, नाल्याचा गाळ आणि काठचे गवत या तीन धातूंसाठी तपासून घ्यावे आणि आकडे वहीत चिकटवावेत. आधीचा आकडा नसेल तर नंतरचा आकडा सिद्ध होत नाही. उल्हासच्या काठी तो आकडा कोणाजवळ नव्हता. कारखान्याला मंडळाने कोणत्या अटींवर संमती दिली, किती सांडपाणी, कोणते धातू, किती मर्यादा, हे २००५ च्या माहिती अधिकारात मागता येते. तो कागदही वहीत लावा.

कारखाना आला तर पोरांना काम मिळो, यंत्रे बनोत, पत्रा स्वस्त होवो. आमची मागणी एवढीच, की कारखान्याच्या दारातून जेवढा धातू आत गेला तेवढा मालात, भंगारात किंवा गाळाच्या पेटीत मोजून दाखवा. उरलेला कुठे गेला ते सांगा. वाण्याच्या दुकानात दहा रुपयांची तफावत आली तर रात्र जागून हिशेब जुळवतात. नदीच्या आणि लेकरांच्या डोक्याच्या बाबतीत त्याहून कमी काळजी आपण का चालवून घ्यावी?

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपली वही बरोबर आणावी. ती वाचायला आम्ही बदलापूरहून पुन्हा येऊ.